कवड्डी

माझा पुढचा दात अर्धा आहे.
सत्त्याण्णव साल, काळाचौकी, मंडळाचं अंगण,
परळच्या एका पोरीचं कोपर
आणि पाठोपाठ कट्ट्याची कड.
तुकडा मातीत कुठे गेला, शोधला नाही.
पकड सोडायची नव्हती.

लग्नाचा अल्बम काढून बघा,
एकाही फोटोत मी हसत नाही.
सासरच्यांना वाटलं, मुलगी गंभीर आहे.

केतकीच्या दातांवर तार चढली त्या संध्याकाळी
डॉक्टर मुकादम सांगत होत्या,
चिक्की बंद, पेरू कापून, कणसाचे दाणे सोडवून.
ती म्हणाली, "आणि कबड्डी?"
डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणजे, दाताकडे.
"खेळू दे की. पण दातांना पांघरूण घालून.
दुकानातलं नको, ते तारेलाच धरून बसेल.
मी माप घेते. तारेला जागा ठेवून करू,
दात सरकले की नवं."

तारेचे हप्ते चालूच होते. त्यात हे.
पारदर्शक, लिबलिबीत, निळ्या डबीतलं.
तिच्या बाबांनी पहिल्याच रविवारी
स्वच्छता म्हणून उकळत्या पाण्यात टाकलं.
सुक्या बोंबलासारखं आक्रसून वर आलं.
दुसरं केलं. आता डबीवर माझ्या अक्षरात चिठ्ठी आहे:
फक्त गार पाणी. बाबांनी हात लावू नये.

पहिली चढाई.
पांघरुणावरून ओठ मिटेनात,
आणि ओठ मिटल्याशिवाय 'ब' कसा यायचा?
कवड्डी कवड्डी कवड्डी
समोरच्या सात जणी हसायला लागल्या.
"कवडी! ए कवडी आली!"
पंचांची शिट्टी. दम स्पष्ट नाही. परत.
गुण त्यांना.

पुढच्या चढाईला तिनं ते काढून
मोज्यात खोचलं.
मी कट्ट्यावरून पाहिलं. ओरडले नाही.
खणखणीत कबड्डी, अख्ख्या अभ्युदयनगरला ऐकू जाईल अशी,
मग घोट्याला हात, कुणाचा तरी खांदा,
आणि वरचा ओठ आतून तारेत अडकलेला.

रक्त थोडंच होतं. गुरव सरांनी चूळ भरायला लावली.
मी पर्समधून मेण काढलं,
वाटाण्याएवढी गोळी करून टोचणाऱ्या जागी दाबली.
हात माझेच थरथरत होते.
ती तेवढ्यातही पुटपुटली,
"आई, तू दातामुळे खेळणं सोडलंस ना?"
"नाही गं. खेळले पुढे चार वर्षं.
हसणं सोडलं फक्त."

त्यावर ती काही बोलली नाही.
ओठ सुजलेला, बोलणार तरी कशी.

पण रात्री भांडी विसळताना
पांघरूण तोंडात.
बटाटा. बादली. बोरिबंदर. भायखळा.
बाबा, बाबा, बाबा.
हे दोनदा उठून आत आले.
समोरच्या धुरीबाईंनी दार वाजवलं,
पोरीला काही झालंय का?
म्हटलं, हो, 'ब' झालाय.

तीन आठवडे लागले.
आला तो तुमच्या-माझ्यासारखा नव्हता,
जाडसर, ओलसर, घशातून जरा ढकललेला,
पण 'ब'.

काल प्रभादेवीला सामना होता.
पंच कान देऊन तिच्या बाजूने चालत होते,
शिट्टी ओठांजवळ.
मी दम मोजत होते, माझाच.
ती बोनस रेषेपर्यंत गेली, वळली, आणखी आत गेली.
शिट्टी ओठांजवळच राहिली.

मध्यंतराला ती धावत आली,
पांघरूण काढलं आणि डबी सापडेना म्हणून
सरळ माझ्या तळव्यात ठेवलं. "धर."
कोमट, लाळेनं भिजलेलं,
आतून तिच्या वरच्या दातांचा साचा.
ती पाणी पीत होती.
मी बोट फिरवत मोजले.
सगळे होते. पुढचे दोन्ही,
अख्खे.